मोठ्या टाकीचा काटा

५ फेब्रुवारी

प्रिय पान्या,

वहिनीचे आशीर्वाद. तुम्ही सगळे बरे असाल. धाकटीचा दात पडला की अजून लोंबकळतोय? तिला म्हणावं जिभेने ढकलत बसू नकोस, वेडावाकडा येईल.

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू 'हं, हं, वहिनी' करतोस आणि तिकडे हात स्पॅनरवरच असतो. कागद तुला हात पुसून वाचावा लागेल. शिवाय मला जे सांगायचंय ते फोनवर माझ्याच्याने होणार नाही. मध्येच आवाज फुटेल आणि तू घाबरून गॅरेज बंद करून धावत येशील. तसं काही करू नकोस.

इकडे ठीक आहे. कौलं शाकारून झाली. मागच्या खोलीचं दार घासतंय, तेवढं सुताराला सांगायचंय. माझा गुडघा त्याच्या मर्जीने चालतो, मी माझ्या.

दादांच्या ट्रकला तू बसवलेली डिझेलची टाकी छान चालली आहे. एक थेंब गळत नाही. भंगारातून आणलेली ती अजस्र टाकी बघून मी म्हटलं होतं, म्हाताऱ्या गाडीला हा नवा संसार झेपेल का? पण तू बॅटरीची पेटी मागे सरकवलीस, नवे पट्टे बनवलेस, पाइप लांब केलास, आणि ती अशी बसली जणू जन्मापासून तिथेच होती. आठवतंय, टाकी काठोकाठ भरली आणि काटा मात्र ढिम्म खाली? तुझे दादा म्हणाले, "गाडी उपाशी झोपली रे." मग तू आतला, डिझेलवर तरंगून काटा हलवणारा फ्लोट काढून दाखवलास, त्याची दांडी वाकडी लागली होती. तेव्हा दादा हसले. मी स्वयंपाकघरात होते, हात धुता धुता थांबले. कितीतरी दिवसांनी ऐकलं होतं ते हसू.

दादा सगळ्यांना सांगतात, लोडिंगच्या गावी डिझेल स्वस्त पडतं, तिथेच जाण्यायेण्याचं दोन्ही भरून घेतो, म्हणून मोठी टाकी. तूही मान डोलावलीस. मीही डोलावली. आपण तिघंही काही दुधखुळे नाही, पान्या.

जुनी टाकी परतीच्या वाटेत आपल्या वळणावर संपायची. काटा खाली बसला की दादा वळणावरच्या पंपावर गाडी लावायचे, डिझेल भरायचे आणि तसेच घरी यायचे. आंघोळ, जेवण, झोप. ऊन उतरलं की पुढचा रस्ता. इतकी वर्षं हे असंच चाललं. मी त्यांना कधी 'या' म्हटलं नाही आणि 'थांबा' म्हटलं नाही. टाकीच थांबवायची. तुझ्या दादांना माणसाने सांगून थांबवलंय का कधी? आता टाकी थांबवत नाही. गाडी वळणावरून सरळ निघून जाते. मी ओट्याशी उभी असते आणि आवाजावरून ओळखते. महिन्यातून एकदा येतात, कपडे बदलतात, माझ्याकडे न बघता विचारतात, "काही हवंय का?" आणि जातात.

एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. रुसवे काढायचं माझं वय गेलं.

पलीकडचा टेम्पोवाला परवा येऊन गेला. दारातच उभा राहिला, चहाला नको म्हणाला. त्याने सांगितलं, दादांची गाडी त्याच्यापुढे होती आणि भर दुपारी, सरळ रस्त्यावर, हळूहळू कडेच्या मातीत उतरत चालली होती. त्याने हॉर्न दाबून धरला तेव्हा ती परत वर आली. डावा आरसा खांबाला लागून गेला. मी दादांना विचारलं, आरसा कुठे गेला? म्हणाले, "जुनाट होता, पडला." ते झोपले होते, पान्या. स्टिअरिंगवर झोपले होते. जाताना माल, येताना माल, आणि मध्ये कुठे डोळा मिटत नाहीत. मिटला की त्यांना पंप दिसत असणार.

बघ, लिहिलंच शेवटी. आपला टिल्लू त्या पंपावर काच पुसायला उतरला आणि दुसऱ्या गाडीने मागे घेताना पाहिलं नाही. दादा मीटरकडे बघत होते. बापापेक्षा हातभर उंच झाला तरी आपण त्याला टिल्लूच म्हणायचो. त्या दिवसानंतर या घरात ते नाव कुणी घेतलं नाही. मी कागदावर घेतलं.

पंप चुकवायला टाकी घेतली, आणि पंपाबरोबर घरही चुकलं. एक गेला. दुसरा जाऊ द्यायचा नाही मला.

म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे. जुनी टाकी परत लाव म्हटलं तर ते ऐकणार नाहीत. पण या महिन्यात गाडी ग्रीसिंगला तुझ्याकडे येईल तेव्हा तो फ्लोट काढ आणि दांडी पुन्हा वाकव. असा हिशेब धर की टाकीत डिझेल असतानाच, आपल्या वळणाच्या अलीकडे काटा पार खाली बसला पाहिजे. मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. पण काट्याने खोटं बोलायचंच तर 'रिकामी' म्हणून बोलावं, 'भरलेली' म्हणून नाही. त्याने कुणाचा जीव जात नाही.

दादांना यातलं काही कळू देऊ नकोस.

वाट बघणारी,
तुझी वहिनी


२३ मार्च

प्रिय पान्या,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं होतं. काय ते तुझं अक्षर, कोंबडीने पाय पुसल्यासारखं! पण लिहिलंस ते मनाला लागलं. "वहिनी, खोटा काटा म्हणजे डॉक्टरने खोटा ताप सांगण्यासारखं आहे. माझ्या हातून असं काम कधी झालेलं नाही." आणि शेवटी एकच ओळ, "वाकवली." ती ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस. तुझ्यावर मी केवढं ओझं टाकलं हे मला कळतं, बाळा.

आता पुढचं सांगते.

गाडी तुझ्याकडून गेली त्याच्या पुढच्याच फेरीला दुपारी इंजिनाचा आवाज वळणावर आला आणि थांबला. मी बाहेर धावले. गाडी पंपावर नव्हती, अलीकडे झाडाखाली कडेला लावलेली होती. दादा खाली मान घालून चालत आले. दारात म्हणाले, "डिझेल संपलंय."

मी म्हटलं, "मग आधी जेवून घ्या."

जेवले. पाणी तापवून दिलं, आंघोळ केली. कॉटवर बसले ते बसल्या बसल्याच आडवे झाले. तासाभराने मी उगाच जाऊन छाती वरखाली होते का ते बघून आले. संध्याकाळी उठले, चप्पल घातली, "येतो" म्हणाले. मी मनातल्या मनात म्हटलं, आता पंपावर जावं लागेल, कसं होईल? मागोमाग वळणापर्यंत गेले, दिसणार नाही अशी. गाडी सुरू झाली, पंपापाशी आली, आणि सरळ पुढे गेली. पंपात शिरलीच नाही.

मी तिथेच रस्त्याकडेला उभी. काटा खाली बसलेला माणूस डिझेल न भरता इतक्या लांबच्या रस्त्याला निघतो का?

पुढच्या फेरीला तेच. झाडाखाली गाडी, "डिझेल संपलंय", जेवण, झोप, आणि पंपावरून सरळ. त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच. एकाच घरात दोघं लबाड, आणि दोघंही तोंड मिटून. पण गालावर जरा मांस आलं होतं, डोळ्यांची लाली गेली होती. मी म्हटलं, असू दे, चाललंय ते चालू दे.

पण आज मला राहवेना. ताट उचलता उचलता विचारलं, "डिझेल संपतं तर भरत का नाही?"

"संपलेलं नसतं."

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. खाली उतरून टाकीवर बोटाने वाजवलं. आवाजावरून कळतं गं. निम्मी भरलेली होती."

माझ्या हातातलं ताट तसंच. म्हटलं, आता पान्याची धडगत नाही, आणि माझीही. "मग थांबलात कशाला? सरळ जायचं."

दादा अंगठ्याने जमिनीवरची कसलीतरी रेघ पुसत बसले. मग म्हणाले, "पान्याने आजवर माझ्या गाडीत खोटं काम केलेलं नाही. त्याने केलं म्हणजे त्याला कुणीतरी करायला लावलंय. आणि ते माणूस तसंच घाबरलेलं असणार. तू घाबरलीस ना?"

मी म्हटलं, "हो. घाबरले. मला तुम्ही जिवंत हवे आहात."

असं मी त्यांना उभ्या संसारात बोलले नव्हते. तेही असं कधी ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. पण आज ऐकलं. मग म्हणाले, "मी मीटर बघत होतो. आकडे बघत होतो आणि तो मागे..." तुझ्या दादांना रडताना तू पाहिलेलं नाहीस, मीही नव्हतं. टिल्लूला स्मशानात नेलं तेव्हासुद्धा त्यांनी डोळे कोरडे ठेवले होते. आज माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखे हुंदके दिले आणि त्याचं नाव घेत राहिले. टिल्लू, टिल्लू. मी त्यांना गप्प केलं नाही. मीही तेच नाव घेत राहिले. इतके दिवस आम्ही एकमेकांपासून ते लपवत होतो, जणू घेतलं तर दुसरा मोडेल.

नंतर त्यांनी तोंड धुतलं. म्हणाले, "त्या पंपावर मला अजून जमायचं नाही." मी म्हटलं, "नका जाऊ. मी कुठे म्हणतेय जा म्हणून?" "झाडाखाली लावत जाईन." "लावत जा." मग झोपले. मी दार ओढून घेतलं आणि तुला हे लिहायला बसले.

आता उठले आहेत. माझ्या मागे उभे राहून वाचताहेत, मला ठाऊक आहे, मान वळवत नाही. म्हणताहेत, "त्याला लिही, दादा रागावले का म्हणून विचारू नकोस." आणि म्हणताहेत, "काटा सरळ करायला सांगू नकोस. आहे तसा राहू दे. आता निघतो म्हणावं, आणि परत येतो."

तू एकदा ये. कामासाठी नको, नुसता ये. टिल्लूबद्दल बोलू. तू त्याला पहिल्यांदा गाडीत मांडीवर बसवून स्टिअरिंग धरू दिलंस ते मला सांग, मी तेव्हा घरात होते, मला दिसलं नव्हतं.

तुझी वहिनी,
टिल्लूची आई