ताई लायब्ररीत गेलीय

प्रिय आईस नमस्कार.

मी मजेत आहे, पोटभर जेवते. तुझी पाठ काय म्हणते? मशीनवर वाकून बसू नकोस.

खोलीतली ताई तिसऱ्या वर्षाची, म्हणून माझा हात तिच्या हातात देऊन तू "हिला सांभाळ" म्हणालीस ना? तिने सांभाळलंही. गरम पाणी कुठल्या नळाला येतं तेसुद्धा तिनेच दाखवलं.

पण तीन आठवडे झाले, ती वर्गात जात नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. मी मेसमधून तिचं ताट वर आणते आणि बहुतेकदा तसंच खाली नेते.

रविवारी तिच्या आईचा फोन येतो. ताई नुसती मान हलवते, मग मीच सांगते, "काकू, ताई लायब्ररीत गेलीय." काकू खूश. म्हणतात, "अभ्यासाचं वेडच आहे गं तिला!"

माझी साधी थापही तुला लगेच कळते. काकूंना का गं कळत नाही?

तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी ताईने मला शपथ घातलीय. म्हणून हे लिहून कळवतेय. काकूंचा नंबर तुझ्याकडे आहे, आणि तुला कुणी शपथ घातलेली नाही.

पत्र मिळताच त्यांना फोन कर.

तुझी,
थापाडी