मदर झेनोबियांच्या बाकाची फळी

डेट्रॉइट, १९ जानेवारी १९६५

तळघरातल्या स्टुडिओत माझ्या हातचं: कोळशाच्या खोलीला आतून फरशा लावून केलेली घुमणारी खोली. तीन मोडक्या रेडिओंतून जुळवलेला, आवाज एकत्र करायचा मिक्सर. ब्यूइक गाडीचा स्पीकर बसवलेलं खोकं – या गावात गाणी गाडीतच ऐकतात, म्हणून आधी त्यावर वाजवून बघायचं. आणि फळी. ओकची, पाइनची नव्हे! खाली चार स्प्रिंगा. वर पाय आपटला की ढोल झक मारतो.

फळी चर्चची. नवे बाक आले तेव्हा चर्चमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मदर झेनोबियांचा जुना बाक सरपणात निघाला होता. तेव्हापासून मीही त्यांच्या मागची जागा सोडून वर सज्जात बसतो. चर्चचे माईक-भोंगे मीच केलेत, दुसऱ्याच्या हाती कसे देऊ?

२३ जानेवारी

ड्रमवाल्याची गाडी थंडीनं सुरूच होईना. मुली तयार – आमची व्हर्लीन आणि तिच्याबरोबर गाणाऱ्या अर्डेलिया, जोनेल. मग मीच फळीवर पाय आपटला. दर ठोक्याला करकर! सगळे स्क्रू काढून पुन्हा बसवले. तरी करकर!

"पप्पा, राहू दे ना! कोणीतरी हुंकार भरतंय असं वाटतं."

राहू दिली. मनाविरुद्ध.

१८ फेब्रुवारी

गाणं रेडिओवर लागलं!! कारखान्यात लोक करकरीसकट गुणगुणतात.

२१ फेब्रुवारी

प्रार्थना संपली तशा मदर झेनोबिया सगळ्यांसमोर उभ्या. "लेमॉन टॅलिव्हर, माझा बाक नाचगाण्याला लावलास?"

म्हटलं, मदर, कशावरून?

"बावीस वर्षं ती करकर माझ्या बुडाखाली होती. मला शिकवतोस?"

बायकांची रांग – आमेन, आमेन!

फळी परत, नाहीतर ईस्टरला तिघी गाणार नाहीत. व्हर्लीन घरी येईपर्यंत रडत होती. रेडिओवर गायली तरी तिचं खरं गाणं तिथलंच.

८ मार्च

न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड कंपनीला पुढचं गाणं हवंय. "करकर तीच पाहिजे." फळी विकत घ्यायला माणूस येणार.

ओडेसा म्हणाली, "देऊन टाक चर्चला. तुला तिची गरज नाही."

संसाराची पंचवीस वर्षं झाली, बाईला आवाजातलं ओ की ठो कळत नाही!

४ एप्रिल

पोरीचं तोंड बघवेना. फळी चर्चमध्ये नेली, मदरांच्या नव्या बाकावर बसवली. त्या बसल्या. चूप. डावीकडे सरकल्या, उजवीकडे सरकल्या. चूप!

"ही माझी नव्हे! फसवतोस?"

मी खाली वाकून स्क्रू आवळत होतो. बोलायला म्हणून उठलो – करकर!

"आली! आली की नाही?" मदर टाळ्या पिटायला लागल्या. आमेनचा गजर. ईस्टरला मुली गाणार.

ओडेसा तेवढी फळीकडे बघत नव्हती. माझ्या डाव्या गुडघ्याकडे बघत होती.

५ एप्रिल

न्यूयॉर्कचा माणूस येऊन गेला. मी जागचा उठलो नाही. फळीचे पाचशे डॉलर देतो म्हणाला. नको म्हटलं.