बाळाच्या डोक्यावरचं पाणी

कूम्बली, डेव्हन
८ नोव्हेंबर १८६४

प्रिय जावईबापू गिडियन,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहेत. तिकडे उत्तरेत थंडी कडक असणार, दगडावर काम करताना हात जपा. थर्झा आता जिना उतरून खाली येते. बाळ पोटभर दूध पितं आणि रडतं असं, की समोरच्या लोहारानं परवा विचारलं, "गारलँड, घरात नातू आहे की डुक्कर कापताय?"

पुलाचं काम उरकून नाताळला याल असं लिहिलंत, वाचून बरं वाटलं. माझ्याकडे गाड्यांची चाकं साठली आहेत, त्यांवर लोखंडी धावा चढवायच्या राहिल्यात. त्यात चर्चचं काम. बारसं असो, लग्न असो, मयत असो, माझ्यासारख्या पॅरिशच्या क्लार्काशिवाय, म्हणजे चर्चच्या कारकुनाशिवाय, पान हलत नाही. पाद्रीसाहेबांना सर्दी झाली आहे. रविवारी ते प्रवचनात शिंकले आणि दर प्रार्थनेनंतर म्हणायच्या क्लार्काच्या सवयीनं मी "आमेन" म्हणालो. सगळं चर्च हसलं. मी नाही हसलो. हल्ली माझं लक्ष ठिकाणावर नसतं.

तुमचं पत्र थर्झानं जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. बाळ तापातून वाचलं म्हणून तुमच्या चॅपेलच्या मंडळींनी प्रार्थना केली, हे ऐकून तुमच्या सासूबाईंनी, सेलिनानं, डोळे पुसले. मग पुढचं वाक्य आलं. "मामांनी शब्द पाळला. मुलाचं नाव त्यांच्यावरून रूबेन ठेवू." माझा घास तोंडातच राहिला. सेलिनानं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून सुतारखान्यात गेलो आणि उगीच रंधा मारत बसलो.

नावाचं नंतर लिहीन म्हणून हे पत्र मी कितीदा बाजूला ठेवलं. आता लिहितो.

निघताना तुम्ही फाटकापाशी म्हणालात, "मामा, पोर मोठं होईल, आपल्या मर्जीनं नदीत उतरेल, तो त्याचा बाप्तिस्मा. तोवर तुमच्या चर्चचं पाणी त्याच्या डोक्यावर पडता कामा नये." मी तुमच्या हातात हात देऊन "पडणार नाही" म्हणालो. तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या लग्नानंतर वर्षभर मी तुम्हाला दारात उभं केलं नव्हतं. चॅपेलवाला, म्हणजे आमच्या चर्चबाहेरच्या पंथाचा जावई म्हणून गावात माझं हसं झालं, असं मला वाटायचं. त्या हातात हात देण्यानं आपलं मिटलं होतं.

बाळ तापानं फणफणलं त्या दुपारी थर्झा थकून झोपली होती. सेलिना दुधाला गेली होती. पाद्रीसाहेब एक्झेटरला. पाळण्याशी मी एकटा. बाळाचं रडणंही थांबलं होतं, नुसती छाती धपापत होती. गिडियन, हे लिहिताना लाज वाटते. मी खिशातून पट्टी काढली आणि डोक्यापासून टाचेपर्यंत त्याचं माप घेतलं. पोर श्वास घेत होतं आणि मी मनात शवपेटीची फळी निवडत होतो.

तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढे चर्चच्या दफनभूमीची उत्तरेकडची भिंत आली. बाप्तिस्म्याआधी गेलेली पोरं आम्ही तिथे पुरतो. घंटा नाही, प्रार्थना नाही. किती आयांना मीच सांगितलं आहे, "बाई, नियम आहे, माझ्या हातात काही नाही." एकदा एक बाई माझी बाही धरून म्हणाली, "अहो, निदान तुम्ही एक आमेन तरी म्हणा." मी म्हटलं नाही. आता माझ्या थर्झाला तेच सांगायचं? माझ्या जिभेला ते जमलं नसतं.

पाद्री नसेल तर मरणाच्या दारातल्या पोराला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हे मला आमेनइतकं पाठ आहे. टेबलावरच्या कपात पाणी होतं.

सेलिना दूध घेऊन खाली परतली तोवर थर्झा जागी झाली. "बाबा, याचं डोकं ओलं कशानं?"

"घाम फुटलाय," मी म्हटलं.

ती ओरडलीच, "आई, घाम फुटला!" सेलिनामागून सुईण डनिंगबाईही धावत आली. "घाम फुटला म्हणजे ताप उतरणार! माझ्या कांद्याच्या पोटिसाला नावं ठेवत होतात ना?" आणि खरंच संध्याकाळपर्यंत ताप उतरला. सगळं गाव घामाचं कौतुक करत होतं. मीही मान डोलवत होतो.

सेलिनानं मात्र कप उचलून पाहिला होता. तुमचं पत्र आलं त्या दिवशी ती सुतारखान्यात येऊन म्हणाली, "घाम कपातून येतो होय? पोरीला तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी सांगितलं. थर्झा रडली नाही, भांडली नाही. "हे त्यांना तुमच्या हातानं लिहा," एवढंच म्हणाली. तेव्हापासून ती बाळाला माझ्या मांडीवर देत नाही. मीही मागत नाही.

पाद्रीसाहेबांना मी अजून काही बोललो नाही. कळलं तर ते बाळाला चर्चमध्ये रीतसर स्वीकारायला निघतील आणि ते तुमच्यावर दुसऱ्यांदा ओढवेल. न सांगून मी माझ्या पदाशी खोटा, आणि तुमच्याशी तर आधीच. तुम्ही सांगाल तसं करीन. क्लार्कपद सोडा म्हणालात तर सोडीन. पण पुन्हा ती दुपार आली तर पाणी घेणार नाही, असं मात्र मला लिहिता येत नाही. शब्द मोडल्याचं दुःख आहे, पाणी लावल्याचं नाही. दोन्ही खरं आहे, आणि त्यामुळेच झोप लागत नाही.

आणखी एक. त्याचं नाव रूबेन ठेवू नका. पाणी लावताना नाव घ्यावंच लागतं, आणि तुम्ही दोघांनी अजून ठरवलं नव्हतं. मला कुठलंच नाव आठवेना, माझं स्वतःचंही नाही. तोंडातून "गिडियन" निघालं. तुम्हाला दिलेला शब्द मी तुमचंच नाव घेऊन मोडला.

तुमचा अपराधी,
रूबेन गारलँड