आद्याक्षरवाले सर

३ जून, सकाळी ९
ठरलं. बढतीच्या अर्जाला एक शोधनिबंध लागतो. महिनाअखेर पाठवायचाच. विषय: ग्रंथालयशास्त्राच्या जर्नलमध्ये दहा वर्षांत पुरुषांनी किती लिहिलं, बायकांनी किती. नुसती नावं मोजायची. चार दिवसांचं काम. बायको म्हणाली, मागच्या वर्षीही चारच दिवसांचं होतं.

७ जून
४१२ लेख. ३८ झाले. बसवत नाही. दोनदा चहा, तीनदा रॅकमधून फेरी. कितीतरी जण नुसती आद्याक्षरं आणि आडनाव लिहितात. निर्णय: आद्याक्षरं म्हणजे पुरुष. कामाच्या माणसाला पूर्ण नाव लिहायला वेळ कुठला?

११ जून
एक आद्याक्षरवाले सर सापडले. एकट्याचे चौदा लेख! काय पकड! ताबडतोब मेल केला. आदरणीय सर, मार्गदर्शन करावं. आद्याक्षरवाल्यांना मी पुरुष धरलंय. आमच्या ग्रंथालयात संशोधनाचं वातावरण नाही. कॅटलॉगच्या बाई आहेत, पण त्या पुस्तकांवर नंबर टाकण्यात खूश.

१२ जून, ११.४०
कॅटलॉगच्या बाई स्क्रीनकडे बघून एकट्याच हसत होत्या. कामाच्या वेळेत खासगी मेल बघू नयेत, असं समजावलं. हो सर म्हणाल्या. पुन्हा हसल्या.

१५ जून
सरांचं उत्तर! पुरुष धरण्याआधी विचारून बघा, म्हणतात. पुढे लिहिलंय, 'मी खिडकीजवळच्या टेबलावर असते.' 'असते' ही टायपिंगची चूक. पण खिडकीजवळ तर आमच्या बाई बसतात. सर त्यांचे नातेवाईक असावेत.

१६ जून
नातेवाईक नाहीत. ते बाईंचं माहेरचं आडनाव. चौदाही लेख त्यांचेच. पूर्ण नाव का नाही, विचारलं. म्हणाल्या, पहिला लेख पूर्ण नावाने पाठवला होता. एखाद्या अनुभवी सरांकडून तपासून घ्या, असा शेरा घेऊन परत आला. तोच आद्याक्षरांनी पाठवला, छापून आला. मी म्हटलं, योगायोग. त्या पुस्तकांवर नंबर टाकायला लागल्या. मी डबा न उघडता तसाच घरी परत नेला.

१८ जून
मोठ्या मनाने सुचवलं: निबंध दोघांचा, पहिलं नाव माझं, कारण विषय माझा. बाई म्हणाल्या, आधी सगळ्या आद्याक्षरवाल्यांना विचारू. ठीक. मेल त्या पाठवतील. मी लक्ष ठेवीन.

२६ जून
९६ उत्तरं आली. त्यांत ६१ बायका. 'बायका लिहीत नाहीत' हा माझा निष्कर्ष बाईंनी खोडला, नवा लिहिला. तक्तेही त्यांनीच केले. मी येरझाऱ्या घातल्या.

३० जून, दुपारी ४
निबंध पाठवायला बसलो. फॉर्ममध्ये रकाना: कोणत्या लेखकाने काय काम केलं? बाईंनी स्वतःचं पूर्ण नाव घातलं, पुढे आठ ओळी. मग विचारलं, तुमच्यापुढे काय लिहू? दारापर्यंत गेलो, परत आलो. बरंच काही सांगणार होतो. तोंडातून निघालं, माझं नाव काढून टाका.
बरं, म्हणाल्या.
एकदा तरी 'असं कसं, सर' म्हणतील, असं वाटलं होतं.