शेंगांच्या जत्रेत तुझा आवाज

आई, सर्जापूर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका मुलीनं विचारलं, की बेंगळुरूत थंडीच्या दिवसांत रविवारी पैसे खर्च न करता कुठं जाता येतं. नवीन आहे ती, पुण्याहून आलेली, कडेवर तान्हं बाळ. लोकांनी तिला मॉलची नावं कळवली. मी उत्तर लिहायला घेतलं आणि मला थांबताच येईना. कब्बन पार्कातल्या बँडस्टँडवरचं सकाळचं गाणंबजावणं, हेब्बाळच्या तळ्यावरचे पक्षी, जानेवारीत अख्खा रस्ता बंद करून भरणारा चित्रांचा बाजार, आणि कार्तिकात बसवनगुडीला भरणारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, जिला इथले लोक कडलेकाई परिषे म्हणतात. तिनं विचारलं, "तुम्हाला एवढं सगळं कसं माहीत?" मी लिहिलं, "आईमुळे." तिच्यासाठी तेवढं पुरे होतं. बाकीचं तुला लिहितेय.

तुला हे शहर आधी मुळीच आवडलं नव्हतं. अण्णांना होसकोटेच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून आपण निपाणीजवळचं गाव सोडून आलो, तेव्हा मी तिसरीत होते. कन्नड तुझ्या कानावर होतं, जिभेवर नव्हतं. नळावर बायका तुझ्याशी बोलायच्या, तू नुसती हसायचीस आणि घागर उचलून घरात यायचीस. दुकानातून कोथिंबीर आणायची तर मला पुढं करायचीस. अण्णा पाळीवरून आले की जेवून झोपायचे. घरात बोलणार कोण? दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस, मी शेजारी लसूण सोलत बसले होते, आणि तव्याकडं बघतच तू अण्णांना म्हणालीस, "संक्रांतीच्या आधी मला आणि पोरीला गावाकडं सोडून या. हितं दिवसभर तोंड मिटून बसायचं. दुसऱ्याच्या घरात पाहुणी आल्यागत वाटतंय मला." अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग ते हळूच म्हणाले, "बरं. पण जायच्या आधी शेंगांची जत्रा तरी बघून घ्या. बघायला काय पैसे पडत न्हाईत." त्यांना त्या रविवारी सुट्टी नव्हती. म्हणजे शहराचा निरोप घ्यायलाच आपण दोघी निघालो होतो. बसमध्ये तू प्रत्येक थांब्याला मला विचारत होतीस, "हेच काय गं?"

बसवनगुडीच्या देवळाच्या उतारावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेंगांचे ढीग लागलेत. ओल्या, वाळलेल्या, भाजलेल्या, उकडलेल्या. भट्ट्यांचा धूर थंडीत खालीच तरंगतोय. आणि तुझा चेहरा, आई, कुणीतरी ओळखीचं भेटावं तसा मोकळा झालाय. प्रत्येक ढिगाशी तू थांबतेस, एक शेंग उचलतेस, चिमटीत फोडतेस, दाणा तोंडात टाकतेस. विकणारा काही म्हणत नाही, उलट मूठभर तुझ्या ओंजळीत घालतो. "ही मऊ पडलीया," मला सांगतेस. पुढच्या ढिगाशी, "ही बघ, आपल्या रानातल्यागत." बेंगळुरूला आल्यापासून तू इतकं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणि नेमका तेव्हाच झूल पांघरलेला, शिंगांना गोंडे लावलेला नंदीबैल आला. त्याचा माणूस सनई वाजवत होता. मी तुझा हात सोडला आणि त्या बैलामागून चालायला लागले. वाजवणं थांबलं, तेव्हा मागं वळून बघितलं. माझ्या उंचीवर सगळीकडं फक्त अनोळखी साड्यांचे पदर होते.

मी जोरात रडायला लागले. एका बांगडीवालीनं मला ओढून तिच्या पेटीवर बसवलं आणि म्हणाली, "अळबेड मगळे, अळबेड." रडू नको पोरी, एवढं मला कळलं. खांबावरच्या कर्ण्यातून कन्नडमध्ये सारखं काहीतरी सांगत होते, कुणाची पिशवी सापडली, कुणाचं मूल हरवलं. त्यात मधेच खरखर झाली, आणि तुझा आवाज आला.

"ए बाळे, आई बोलतीया. रडू नगंस. जिथं हाईस तिथंच थांब. देवळाच्या खाली पोलिसांचा तंबू हाय, तिथं हाय मी. हिरवा झगा हाय माझ्या पोरीचा. कुणाला मराठी समजत असंल तर तिला हितं आणून सोडा हो, उपकार होतील. आणि बाळे, तोंडात शेंग असली तर आधी चावून गीळ. रडताना ठसका लागतोय तुला."

मला आठवतं ते असं, की अख्खी जत्रा गप्प झाली होती. तसं काही झालं नसणार. भट्ट्या चालू असतील, लोक हसलेही असतील. पण बांगडीवाली कर्ण्याकडं बघत राहिली आणि मला तिनं विचारलं, "निन्न अम्मा?" मी मान हलवली. तेवढ्यात शेंगांची पिशवी घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई वाकून माझ्या झग्याकडं बघायला लागल्या. "तू मराठी पोर काय गं? ती तुझी आईच बोलते की. चल, स्वल्प लांब आहे. हात घट्ट धर." त्यांची मराठी मी कधी ऐकली नव्हती अशी होती, कन्नडच्या चालीवर झुलणारी. पण मराठी होती.

तंबूत तू माईक अजून छातीशी धरून उभी होतीस आणि पोलीस तो परत घ्यायला अदबीनं हात पुढं करून उभा होता. त्यानं आधी तुला खुणेनं सांगितलं होतं म्हणे, की मुलीचं नाव सांगा, मी पुकारतो. तू म्हणालीस, "तुमचा आवाज ती वळखत न्हाई. माझा वळखती." त्याला मराठी येत नव्हती, तरी त्यानं माईक दिला. मला बघितल्यावर तू आधी माझा कान धरलास. "नंदीबैल काय तुझा मामा लागतोय, त्याच्या मागनं जायाला?" आणि मग तिथंच जमिनीवर बसून मला असं कवटाळलंस की मला श्वास घेता येईना. म्हाताऱ्या बाईंनी तुला पाणी दिलं. "अक्का, रडू नका. आवाज काय मोठा आहे तुमचा! आमच्या गल्लीपर्यंत आला असेल."

त्यांचं घर तिथून जवळच होतं. आपण त्यांना अक्काच म्हणायला लागलो. त्यांचे पूर्वज कुठल्या गावाहून इथं आले हे त्यांच्या आजीलाही ठाऊक नव्हतं, इतक्या पिढ्या झालेल्या. भाषा तेवढी घरात उरली होती. त्यांच्या उंबऱ्यावर बसून तुम्ही दोघी उन्हं उतरेपर्यंत बोलत होतात. एकमेकींचे अर्धे शब्द तुम्हाला कळत नव्हते आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

अण्णा कामावरून आले तेव्हा मी दारातच त्यांना सगळं सांगितलं. "माईकवर? मराठीत? कुणी काय म्हटलं न्हाई?"

"काय म्हणतील? पोर हरवली होती माझी. सगळ्यांनी ऐकलं की," तू म्हणालीस. मग चुलीकडं वळून, "संक्रांतीला नगो जायाला आता. पुढच्या रविवारी अक्कांनी बागेत बोलावलंय. गाणं असतंय म्हणं. फुकट."

त्यानंतरची कुठलीही थंडी आपण घरात बसून काढली नाही. पहाटे उठून तू भाकरी आणि शेंगांची चटणी बांधायचीस, अण्णांची माकडटोपी डोक्यावर घालायचीस, आणि आपण अक्कांसोबत निघायचो. बँडस्टँडवर बासरी सुरू झाली की थोड्याच वेळात तुझं डोकं माझ्या खांद्यावर यायचं. हलवलं तर म्हणायचीस, "झोपली न्हवते, डोळं मिटून ऐकत हुते." हेब्बाळला तू पहिल्यांदा पाणकोळी बघितलास, चोचीखाली पिशवी लोंबणारा, आणि म्हणालीस, "ह्यो बघ, पिशवी घेऊनच बाजाराला आलाय." पुढं मी कॉलेजात असताना चित्रांच्या बाजारात तू प्रत्येक चित्रकाराला थांबून विचारायचीस, "इदु यारु?" हे कोण? कन्नड तोवर तुला येत होतं, पण मोडकंतोडकंच, आणि तू ते माईकवर बोलल्यासारखं मोठ्यानं बोलायचीस. मला लाज वाटायची आणि चित्रकारांना तू आवडायचीस. एकानं तर तुला स्टूल दिलं आणि त्या चित्रातल्या बाईची सगळी हकीकत सांगितली. अक्का गेल्या, तेव्हा त्यांच्या सुनेला धीर द्यायला तू एकटी बस बदलून गेलीस, आणि कुठल्याच थांब्यावर कुणाला काही विचारावं लागलं नाही.

त्या पुण्याच्या मुलीला मी गेल्या रविवारी हेब्बाळला घेऊन गेले. गाडीत ती फारसं बोलली नाही. तळ्यावर धुकं होतं, बाळाला टोपी टिकत नव्हती. मग एक पाणकावळा पाण्यातून वर आला आणि पंख पसरून वाळवत बसला, तर बाळानंही दोन्ही हात पसरले. ती एवढी हसली की शेजारचे दुर्बीणवाले काका वैतागले. परतताना तिनं सांगितलं की नवऱ्याला बदली मिळतेय, मार्चमध्ये ते पुण्याला परत जाणार. तिला इथं नाहीच करमत. मी म्हटलं, "बरं. पण चित्रांचा बाजार बघूनच जा." ती बघणार आहे. राहणार मात्र नाही, आणि ते ठीकच आहे.

अक्कांबद्दल, अण्णांबद्दल अजून लिहिता येईल, पण एक सांगायचं होतं ते सांगते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि दर थंडीत तळ्यावर गेलं की तुझी आठवण यायचीच. मी तिची वाटच बघायचे. गेल्या रविवारी ती आठवण आली नाही. सबंध सकाळ मी त्या बाळाच्या मागं होते, पक्षी दाखवत होते, हसत होते, आणि तू मनात कुठंच नव्हतीस. घरी येऊन चहा ठेवला तेव्हा हे लक्षात आलं. वाईट वाटेल म्हणून जरा थांबले. वाटलं नाही, आई. तू समोर असतीस, तर हे तुला कधीच सांगितलं नसतं.