नऊ नंबरचा पिंजरा रिकामा

३ फेब्रुवारी

कॉन्व्हेंटमध्ये कवायतीच्या तासाला खेळाच्या सिस्टर शिट्टी वाजवायच्या आणि चारशे मुली जिथल्या तिथे थांबायच्या. एकदा ताईचा मोजा घोट्यापर्यंत घसरला होता. तो वर ओढायला ती वाकली आणि नेमकी तेव्हाच शिट्टी झाली. एका पायावर, वाकलेली, वेणी जमिनीला टेकलेली, अशी ताई मिनिटभर उभी होती. मी दोन रांगा मागे होते. हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. घरी निघताना ती म्हणाली, हसलीस ना, आता माझं दप्तरही तूच धर. मी धरलं, आणि आम्ही घरापर्यंत हसतच गेलो.

आज बसमधून उतरताना हे आठवलं, कारण इथे सगळं शिट्टीवरच चालतं. ही कुत्र्यांची शाळा आहे. भावोजी गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, ताई इथे स्वयंपाक करते. माणसांसाठी थोडा आणि कुत्र्यांसाठी पातेलीच्या पातेली. मी निवृत्त होऊन घरात एकटी बसले होते, तर तिनेच इथल्या सरांकडे शब्द टाकला. रजिस्टर लिहायला सुवाच्य अक्षराची बाई हवी होती. बासष्टाव्या वर्षी कॉन्व्हेंटचं अक्षर कामाला आलं म्हणायचं!

खोली छान आहे. दोन खाटा, मध्ये एक टेबल, खिडकीतून मैदान दिसतं. ताईने माझ्या खाटेवर इस्त्रीची चादर घातली होती आणि उशाशी बिस्किटांचा डबा ठेवला होता. ती वाळली आहे, पण चेहरा शांत आहे. भावोजी गेले तेव्हाचा तो सुकलेला, भिरभिरता चेहरा कुठे गेला कोण जाणे. मला फार बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

सर पूर्वी फुटबॉलचे पंच होते. साठीच्या पुढचे, मृदू बोलणारे, जाड चष्म्याचे. त्यांच्या ऑफिसात एका भिंतीवर खिळ्यांना शिट्ट्या टांगल्या आहेत, निदान पन्नास. आत बुचाची गोळी असलेली पितळी, ती सामन्यांची. शिंगाची, ती कुत्र्यांची. नारिंगी प्लास्टिकची, बुडणाऱ्या माणसाने मदत मागायची. मलाही एक गळ्यात घालायला दिली. काही घडलं तर तीनदा वाजवायची, म्हणाले.

शेवटच्या खिळ्यावर काडीसारखी बारीक शिट्टी आहे. तिचा आवाज कुत्र्यांना ऐकू येतो, माणसाला नाही. आपल्या वयाला तर मुळीच नाही, असं म्हणून ते हसले. मी विचारलं, नुसती हाक मारून नाही का भागत? तर म्हणाले, बाई, हाकेत माणूस असतो. दमलेला, रागावलेला, लाडात आलेला. कुत्रं हाकेवर विचार करत बसतं. शिट्टीत कुणीच नसतं, म्हणून त्याला विचार करावा लागत नाही.

माझं काम सोपं आहे. संध्याकाळी पाचला सर सांगतात आणि मी लिहिते. कुत्र्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. रकाने असे: नंबर, शिट्टीची खूण, वेळ, अंतर, किती सेकंदांत आलं. प्रत्येकाची खूण वेगळी. चार नंबरचा कुत्रा बोलावलं तरी उन्हात लोळत राहतो, मी त्याचं नाव जहागीरदार ठेवलं आहे. नऊ नंबरची मादी सगळ्यांत हुशार. दोन आखूड, एक लांब. तीनशे मीटरवरून येते. सर तिच्याबद्दल बोलताना खुशीत असतात.

११ फेब्रुवारी

हवा मानवली. रोज सकाळी दहाच्या सुमाराला मैदानावर फेरी मारायची सवय लागली आहे. घरी असताना डॉक्टरांनी सांगून सांगून तोंड दुखवलं, तरी मी जिना उतरत नव्हते. इथे आपोआप पाय निघतात. सर तिथे बाकावर थर्मास घेऊन बसलेले असतात. चहा देतात, एक बिस्किट देतात. ताईला सांगितलं तर तिने मान हलवली आणि कांदा चिरत राहिली.

१४ फेब्रुवारी

आज पिंजऱ्यांपाशी गेले होते. आठ पिंजऱ्यांत आठ कुत्री. नवव्याचं दार सताड उघडं. आत ना अंथरूण, ना पाण्याचं भांडं, ना एक केस. फरशी कोरडी ठणठणीत.

नऊ नंबर कुठे ठेवता, असं सरांना विचारलं. म्हणाले, ती बंद करून ठेवावी लागत नाही.

बुधवार-शनिवार मांस आणि धान्य घेऊन टेम्पो येतो. चालकाला सगळे भोंगा म्हणतात, कारण रस्त्यावर काळं कुत्रं नसलं तरी हा हॉर्न वाजवत येतो. त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, आत्याबाई, नऊ कुठली काढलीत? तीन वर्षं आठांचंच उतरवतोय. नववी काय हवेवर जगते?

मी हसले. पण पाचला सरांनी सांगितलं तसं लिहिलंच: नऊ, तीनशे वीस मीटर.

२० फेब्रुवारी

ताईचं काहीतरी बिनसलं आहे. दुपारी ती पातेलं ढवळत होती आणि मी तिला भाचीचा, म्हणजे तिच्या लेकीचा, निरोप सांगत होते. मध्येच तिने पळी ठेवली. गॅस चालू, माझं वाक्य अर्धं, आणि ही मागच्या दाराने बाहेर. मला वाटलं, रडू आलं असेल. थोड्या वेळाने परत आली, चपला धुळीने भरलेल्या. कुठे गेली होतीस? तर म्हणे मीठ आणायला. हात रिकामे. मिठाची बरणी तिच्या कोपराशी.

घड्याळ पाहिलं होतं म्हणून लक्षात राहिलं. बाराला दोन मिनिटं होती.

संध्याकाळी सर सांगू लागले. नऊ. वेळ, बाराला दोन मिनिटं कमी.

माझ्या पेनाचा ठिपका तिथे मोठा पडला आहे. सर म्हणाले, बाई, शाई सांडतेय.

२१ फेब्रुवारी

योगायोग असेल. मी संशयी आहे, आई नेहमी म्हणायची.

आजही बारा. आजही ती गेली. मी खिडकीतून पाहिलं. सर मैदानाच्या मधल्या वर्तुळात उभे, ओठांशी ती काडी. आवाज काही नाही. ताई पदर खोचून पळत होती, गुडघेदुखीची माझी ताई, आणि त्यांच्यासमोर जाऊन थांबली. त्यांनी खिशातून काहीतरी काढून तिच्या हातावर ठेवलं. तिने ते तोंडात टाकलं.

२४ फेब्रुवारी

सर पशुवैद्यांकडे गेले असताना ऑफिसचं कपाट उघडलं. जुनी रजिस्टरं. नऊ नंबरचं पहिलं पान मिळालं. अक्षर कुणा परक्या बाईचं. ‘मादी. वय एकसष्ट.’

कुत्रं एकसष्ट वर्षं जगत नाही.

‘पहिला महिना: फक्त जेवणाच्या वेळी. दुसरा: रडणं कमी. सहावा: झोपेतून उठून येते.’ पानाच्या कडेला शेवटचा रकाना, डोक्यावर लिहिलंय ‘शिट्टीविना’. तो कोरा आहे.

म्हणजे इतके दिवस रोज पाचला माझ्या सुवाच्य अक्षरात मी माझ्याच बहिणीची —

खाली आणखी एक वही होती. नवी. दहा नंबर. मादी, वय बासष्ट. एक लांब, एक आखूड. रोज सकाळी दहा वाजता. शेरा: ‘स्वतःच्या मनाने फिरायला येते असं समजते.’

अक्षर ताईचं.

२५ फेब्रुवारी

ताईला वही दाखवली. मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल, रडेल, पाया पडेल. तिने हात पुसले आणि बसली. म्हणाली, छोटे, ते गेल्यावर मला सकाळी उठून काय करायचं हे कळायचं नाही. आंघोळ करायची की नाही, हेही ठरवता यायचं नाही. इथे ठरवावं लागत नाही. तूही एकटी होतीस. म्हटलं, तुलाही आराम पडेल.

मी म्हटलं, मला विचारायचं तरी. ती म्हणाली, विचारलं असतं तर तू विचार करत बसली असतीस.

प्रेमानेच म्हणाली. त्याचीच भीती वाटते.

२६ फेब्रुवारी

ठरवलं, तिला इथून काढायचं. लेकीकडे पोचवायचं. माझं पुढचं पुढे.

आज दहाला स्वतःला खाटेच्या दांडीला ओढणीने बांधून घेतलं. कानांत कापूस. दहा वाजून गेले, काही झालं नाही. हसूच आलं मला, कसले खुळे विचार!

मग पाहिलं तर हातात थर्मासचं झाकण होतं. चहा अर्धा प्यालेला. मनगटावर ओढणीचे वळ. सर म्हणत होते, आज जरा उशीर झाला, बाई.

१ मार्च

ताई यायला तयार नाही. विनवलं, रागावले, लेकीची शपथ घातली. ती माझ्या केसांवरून हात फिरवते आणि म्हणते, होईल सवय.

नारिंगी शिट्टी तीनदा वाजवली, अगदी जीव खाऊन. आठही कुत्री भुंकली. सर खिडकीत आले. काय हवंय, असं अदबीने विचारलं. इथे दुसरं कोण येणार होतं?

६ मार्च

एकच उपाय सुचतोय. तिची खूण मला पाठ आहे. रोज मीच तर लिहिते. दोन आखूड, एक लांब.

देवा, मला क्षमा कर.

शनिवारी टेम्पो साडेआठला येतो. मी सोबत जाऊ शकत नाही. माझी वेळ दहाची. मी आले नाही तर सरांना दहालाच कळेल आणि ते जीप काढतील. ताईची वेळ बाराची. मी दहाला निमूट गेले तर तिला साडेतीन तास मिळतात. तोवर ती शंभर किलोमीटरवर असेल.

भोंग्याला एवढंच सांगितलंय की ताईला लेकीकडे न्यायचं आहे, वाटेत उतरू द्यायचं नाही. तो म्हणाला, काळजी सोडा आत्याबाई, हॉर्न वाजवत नेतो.

९ मार्च, सकाळी नऊ

केलं.

काडीसारखी शिट्टी खिळ्यावरून काढली. टेम्पोच्या मागे उभी राहिले. फुंकली. मला काहीच ऐकू आलं नाही. ताई स्वयंपाकघरातून पळत आली, कणकेचे हात तसेच. माझ्यासमोर थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही, शिट्टीकडे पाहत होती. मी बोट दाखवलं, ती चढून बसली. किती सहज. इतके दिवस पाया पडून जे झालं नाही ते एका फुंकरीत —

मी तिच्या अंगावर शाल घातली. आणि तिने हात पुढे केला, तळवा वर. मी खिशातलं बिस्किट ठेवलं त्यावर. मी. ठेवलं.

टेम्पो वळणावरून गेला. शिट्टी जागेवर लावली.

सव्वाअकरा

दहाला गेले. चहा प्याले. सरांना काही कळलं नाही. चांगलेच बोलले. आज दुसरं बिस्किटही दिलं.

बारा वाजून दहा

सर मैदानात गेलेच नाहीत. ऑफिसात बसून आहेत. ओठांशी काही नाही. घड्याळाकडे पाहतायत.

का वाजवत नाहीत?

एक

फोन आला. भोंगा. रडत होता. आत्याबाई, सिग्नलला थांबलो होतो, बाराला दोन मिनिटं असतील, ताईंनी बोलता बोलता दार उघडलं आणि उतरून माघारी निघाल्या. हाका मारल्या. हॉर्न वाजवला. हात धरला तर चावल्या.

किती लांब, विचारलं. नव्वद किलोमीटर, म्हणाला. तो मागून येतोय. ती गाडीत बसत नाही.

सर दारात उभे होते. ऐकत.

११ मार्च

आली. दोन दिवस चालून. चपला नाहीत. पावलांकडे बघवत नाही. मैदानाच्या मधोमध गेली आणि थांबली. चेहरा शांत.

सरांनी मला रजिस्टर उघडायला सांगितलं. शेवटचा रकाना. मी लिहिलं. शाई सांडली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं, पोटच्या पोरीचा निकाल लागावा तसं.

मग नवी वही दिली. अकरा नंबर. मादी, वय चौतीस. भाचीचं वय. म्हणाले, आईला बरं नाही असं कळवा तिला. तुमचं अक्षर छान आहे.

१२ मार्च

भोंगा फाटकाशी थांबलाय. ही वही त्याच्याकडे देणार आहे. दहाला सात मिनिटं आहेत. भराभर लिहिते.

शिवणयंत्र खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला. ती मागायची, मी उगाच कंजूषपणा केला.

पुस्तकं शाळेच्या वाचनालयाला. फाटकी काढून द्या.

आईच्या बांगड्या भाचीला. कपाटात, पांढऱ्या रुमालात. माझं घड्याळही तिलाच — नको, घड्याळ नको. घड्याळ कुणालाच देऊ नका.

शाल ताईकडे राहू दे. थंडी वाजते तिला.

ही वही भाचीच्या हातात. दुसऱ्या कुणाच्या नाही. बाळा, तुझी आई आजारी नाही. तिला न्यायला येऊ नकोस. ती यायची नाही. कालपासून तुला लिहिलेलं पत्र मी तीनदा फाडलं आहे. तीनही वेळा ते लिहिल्याचं मला आठवत नाही. टेबलावर चौथं आहे, पाकीट बंद, पत्ता घातलेला, माझ्या अक्षरात. ते भोंग्याकडे देणार नाही. देणार नाही. पण ते तुला मिळालंच, तर मी कितीही प्रेमाने बोलावलं असलं, तरी तू