नायलॉनचा ढीग

आई, काल तुझी नात फोनवर म्हणाली, "मावशी, आज आजी असती ना, तर किती खूश झाली असती." म्हणून लिहायला बसले. तू खूश झाली असतीस हे मलाही पक्कं ठाऊक आहे. माझा संताप त्याचाच आहे.

नात म्हणजे धाकटीची मुलगी. तू गेलीस तेव्हा ती दुपट्यात होती. आता तिचं पुण्यात कपड्यांचं दुकान आहे, पण दुकान म्हटलं की तिला राग येतो, स्टुडिओ म्हणायचं. दाराशी तिने एक लाकडी पेटी ठेवली आहे. वर सुबक पाटी: जुने कपडे इथे द्या, नव्यावर सवलत घ्या. पेटी भरली की कपडे मराठवाड्यातल्या गरजूंना जाणार. याला ती शाश्वत फॅशन म्हणते. मी जन्मभर कॉलेजात कापड शिकवलं, तेव्हा पेटीच्या उद्घाटनाला मी दोन शब्द बोलावेत अशी तिची इच्छा. मी विचारलं, "पेटीत कापड कोणतं येतं गं?" म्हणाली, "सगळं मिक्स असतं." "मग कोणतं कुणाला जायचं हे कोण ठरवतं?" "मावशी, ते संस्थावाले बघतात, तू फक्त छान बोल." मी फोन आपटला असता, पण हल्ली फोन आपटताही येत नाही, काचेवर बोट टेकवावं लागतं. म्हणजे चांगलं भांडायची तेवढी एक सोयही गेली.

तुझं स्वयंपाकघर मला वासासकट आठवतं. दारामागच्या खुंटीवर एक धुवट सुती पातळ कायम लटकलेलं असायचं. कुणी पाहुणी नायलॉन नेसून आत येऊ लागली की तू उंबऱ्यातच हात आडवा धरायचीस. "आधी हे नेसा, मग पोळ्या लाटा." मामी एकदा रुसल्या होत्या. म्हणाल्या, "वन्सं, साडी नवी आहे माझी." तू म्हणालीस, "मग नवी साडी कातडीला चिकटत नाही होय?" हसावं की रडावं ते मामींना कळेना. एका दिवाळीत मी मामाने दिलेली नायलॉनची साडी नेसून चकल्या तळायला बसले, तर तू मला वेणीला धरून उठवलंस. "मरायचंय का? कढईपाशी हे काय नेसून बसलीस?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण बाहेर मैत्रिणी बसल्या होत्या. पण तुझं बरोबर होतं. पुढे गृहविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत आम्ही धागे जाळून बघितले. सुताचा धागा कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते. नायलॉनचा आक्रसतो, वितळतो आणि टोकाशी कडक मणी धरतो. मी घरी येऊन मोठ्या ऐटीत तुला हे सांगितलं. तू भाजी निवडत होतीस. म्हणालीस, "हे शिकायला आम्ही फी भरायलो का? मला विचारायचं होतंस."

तर हे तुला माहीत होतं. आई, कुठलंही पुस्तक न वाचता माहीत होतं. हे मी पुन्हा पुन्हा लिहिते आहे, कारण नंतर तू म्हणालीस की माहीत नव्हतं.

त्याच वर्षी पावसाळ्यात नामांतराची दंगल झाली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावोगावी बौद्धांची घरं पेटली. झरीच्या रस्त्याला लागून आत असलेल्या एका गावात अर्धा बौद्धवाडा जळाला. तो गावातल्याच लोकांनी जाळला. जाळणाऱ्यांत आपल्या नात्यागोत्यातलं कुणी होतं का, हे आपल्या घरात कुणी विचारलं नाही. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते कोर्टात गेले. तू मात्र उठलीस, हे मी नाकारत नाही. तू महिला मंडळाची अध्यक्ष होतीस. तू मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना पत्रं लिहिलीस, आणि महिन्याभरात आपल्या दिवाणखान्यात कपड्यांची बोचकी येऊन पडली.

ती उघडली त्या दुपारी मी तिथे होते. शहरातल्या बायकांना तेव्हा नायलॉनचा कंटाळा आला होता. दहा वर्षांपूर्वी ज्या साडीसाठी नवऱ्याशी अबोला धरला, तीच आता नकोशी झाली होती. फॅशन सरली आणि बायकांना दया आली. पोपटी, जांभळ्या, टिकल्या लावलेल्या, एकीला तर लग्नाच्या जेवणावळीचे डाग तसेच होते. त्यांत थोड्या सुती होत्या. जुन्या, विटक्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झालेल्या. मंडळाच्या बायका गोल करून बसल्या होत्या, चहा चालला होता. तू प्रत्येक साडी चिमटीत धरून चोळून बघायचीस आणि दोन ढीग करायचीस. सुती ढिगावर सगळ्यांचे डोळे. "ही माझ्या लेकीच्या बाळंतपणाला दुपट्यांना होईल." "वहिनी, ही गोधडीला द्या की, आमच्याकडची अगदी फाटलीय." "स्वयंपाकीणबाई कधीची मागायलीय." तू हसत हसत वाटत होतीस. मी म्हटलं, "आई, या त्या गावासाठी आल्या आहेत ना?" तू म्हणालीस, "अगं, ही जुनेरं दिसतात. त्या लोकांना कधी नव्हे ते चांगलंचुंगलं, चमकदार नेसू दे की!" आणि मंडळाच्या बायकांनी माना डोलावल्या. मी तीन दिवस जेवणावर राग काढला. तू म्हणालीस, त्या नन लोकांच्या शाळेनं तुझी जीभ तेवढी लांब केली.

चमकदार! नऊवारी नेसून कासोटा घालून शेतात तण निंदणाऱ्या बायकांना तू पाचवारी नायलॉन नेलंस.

जीप शाळेपाशी थांबली. घरं गेलेली माणसं शाळेच्या व्हरांड्यात राहत होती. खांबाखांबाला गोणपाट बांधून खोल्या केल्या होत्या आणि प्रत्येकीची तीन दगडांची चूल व्हरांड्याच्या कडेला. तुम्ही बायका जीपजवळ सरपंचाशी बोलत राहिलात. बोचकं घेऊन मी आत गेले. माझ्याच वयाची एक सून होती, बोलायला मोठी तिखट. पोपटी साडी तिने उलगडून अंगाला लावली, त्यावर गुलाबी फुलं होती. म्हणाली, "ही नेसून म्या निंदायला गेले तर तूर बी माझ्याकडंच बघत उभी राहील." बाकीच्या हसल्या. दुसरी म्हणाली, "मुकादम आधी बघंल!" तिची सासू म्हातारी, कडक. "गप बसा गं. घर जळलंय आन् यांना हसू सुचायलंय." सून म्हणाली, "आत्याबाई, रडून झालं की वो महिनाभर." मलाही हसू आलं होतं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

पंधरवड्यानंतर त्या सुनेला सिव्हिल हॉस्पिटलात आणलं. पावसाची झड लागली होती, सरपण ओलं, तिने चुलीवर रॉकेल शिंपडलं आणि त्या पोपटी साडीचा पदर पेटला. सुती असता तर ओढून टाकता आला असता, घोंगडं टाकून विझवता आला असता. नायलॉन वितळलं. डावा हात, खांदा, गळा. कापड कुठे संपतं आणि कातडी कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं. तू आणि मी कॉटपाशी उभ्या होतो. तू नारळपाणी नेलं होतंस. सासूने ते हातात घेतलं नाही. तिने तुला एवढंच विचारलं, "वकीलीणबाई, तुमी सोत्ता चुलीपाशी असलं नेसता का वो?"

वॉर्डातल्या सगळ्या बायका आपल्याकडे बघत होत्या. मग तू म्हणालीस, "मला माहीत नव्हतं हो, आम्ही चांगल्या मनानं दिलं." सासू म्हणाली, "मन चांगलंच आसंल बाई. साडी कुटं चांगली हुती?" तेवढ्यात नर्स आली आणि म्हणाली, जुनं, मऊ, धुतलेलं सुती कापड हवंय, भरपूर, नवं खरखरीत चालायचं नाही. तू घरी आलीस, दिवाणखान्याचं दार लावलंस आणि वेगळ्या ठेवलेल्या ढिगातलं उरलंसुरलं फाडायला बसलीस. मंडळाच्या बायकांकडे गेलेल्या साड्या परत मागायचं धाडस तुला झालं नाही. तिकडे गोधड्या शिवायला घेतल्या होत्या. फाडताना तू मान वर केली नाहीस. एवढंच म्हणालीस, "कुणाला बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्या चिंध्या घेऊन टांग्यातून सिव्हिलला जाताना मी तुझ्याशी इंग्रजीत भांडले. टांगेवाल्याला कळू नये हे कारण मी स्वतःला दिलं होतं. तुला माहीत होतं, तू खोटं बोललीस, मंडळातल्या बायकांची दुपटी आणि गोधड्या तुला त्या बाईच्या जिवापेक्षा मोठ्या वाटल्या, असं काय काय मी त्या ननसारख्या ठसक्यात बोलले. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "मराठीत बोल. इंग्रजीत कुणीही शहाणं दिसतं." त्या वर्षीच्या मंडळाच्या अहवालात छापून आलं: आपद्ग्रस्त भगिनींना वस्त्रदान. तो अहवाल मी चुलीत घातला. छान जळला, कागदच तो.

ती वाचली. पण डावा हात कोपरात दुमडला तो दुमडलाच, बोटं तळव्याला चिकटली. कापसाची वेचणी दोन हातांची असते, एका हाताने बोंड धरायचं आणि दुसऱ्याने कापूस ओढायचा. पुढे काही वर्षांनी वेचणीच्या दिवसांत एसटीतून जाताना ती मला रस्त्याकडेच्या शेतात दिसली. ती बोंड दातात धरून वेचत होती. मी खाली उतरले नाही. तेव्हापासून वर्गात मी पहिल्या तासाला धागा जाळून दाखवायची आणि मुलींना विचारायची, हा कापूस कुणी वेचला, आणि तिच्या अंगावर काय आहे? मुली हसायच्या, मॅडम फॅशनच्या तासाला शेती शिकवतात म्हणून. आपल्या काळ्या रानात कापूस पिकतो, गाड्या भरभरून बाहेर जातो, आणि वेचणारणीच्या अंगावर पॉलिएस्टर असतं, कारण सुती साडी तिला परवडत नाही. आताही गंगाखेडच्या रस्त्याने जा. रानडुकरांपासून पीक वाचवायला शेताच्या कडेने साड्या बांधल्यात, मैलभर, लाल, निळ्या, चमकदार. कितीएक पावसाळे गेले तरी कुजत नाहीत, चिंध्या होऊन गोदावरीत जातात. कुणाकुणाच्या दानाची ही कुंपणं आहेत! तुझ्या नातीला मी हे सांगितलं तर म्हणाली, "वॉव मावशी, हे भाषणात सांग." उद्घाटनाचा दिवा लावायला दुसरी कुणी शोध, असं मी तिला कळवलं आहे. आणि पेटीत आलेला प्रत्येक कपडा आधी स्वतः नेसून आठवडाभर चुलीपाशी बस, असंही. तिच्याकडे चूल नाही, ही तिची सोय.

आता राहिलेलं लिहिते. त्या व्हरांड्यात हसून झाल्यावर ती सून माझ्याजवळ आली होती. हळू आवाजात म्हणाली, "ताई, एखादं सुती लुगडं न्हाई का वो? फाटकं आसंल तरी चालंल. जाळापाशी बसावं लागतंय." तीन दिवस तुझ्याशी सुती ढिगावरून भांडलेली मी. मी म्हणू शकले असते, घरी आहेत, उद्या आणून देते. बोचकं अजून अर्धं भरलेलं होतं, बायकांनी मला गराडा घातला होता, मला दमल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, "फुकट मिळतंय त्यात आवडनिवड करायची नसते." तुझं वाक्य नव्हतं ते. तू तर लांब जीपपाशी होतीस. ती साडीची घडी घालून निघून गेली. सिव्हिलमध्ये सासू तुला विचारत होती तेव्हा ती कॉटवरून माझ्याकडे बघत होती, आणि माझं नाव तिने घेतलं नाही.

तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं, असं मी मनाशी म्हणत आले. ते खोटं आहे. दंगलीनंतर पंधरा-सोळा वर्षांनी विद्यापीठाला नाव मिळालं, त्या थंडीत तू अंथरुणावर होतीस. बातम्या संपल्यावर तू रेडिओ बंद करायला सांगितलंस. मग विचारलंस, "तिनं तुझ्याकडं काही मागितलं होतं का गं, त्या दिवशी?"

मी तुझं पांघरूण नीट केलं आणि म्हटलं, "नाही."